एकशे एकविसावा वेढा

भिलाईहून परत आल्यापासून मला भेटणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. तिथे रशियन माणसे खरोखर रस्त्यात दिसतात का, आणि जेवणाचे काय हाल झाले? पोलादाबद्दल अजून कुणी विचारलेले नाही. तेव्हा ही दोन उत्तरे आधीच देऊन टाकतो. रशियन दिसतात, आणि दुपारच्या उन्हात जरा जास्तच ठळक दिसतात. जेवणाचे हाल झाले नाहीत, माझ्या घशाचे झाले. आता बाकीचे सांगायला मी मोकळा आहे.

पुण्यात नाना पेठेत आमच्या काकांचा विजेच्या सामानाचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द काकांचा. पाहणाऱ्याला एक पत्र्याची शेड दिसते, तिच्यात सात माणसे जळालेल्या मोटारी उघडून त्यांना नव्याने तार गुंडाळताना दिसतात. पुढे परदेशी चलनाची टंचाई आली आणि देशाला आमची आठवण झाली. बाहेरून माल आणायला परवाना लागायचा, परवान्याला शिफारस लागायची, आणि शिफारशीला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माणसाने तो माल घरी करायला शिकावे. काकांनी तेच केले. त्यांनी करंट ट्रान्सफॉर्मर करायचे ठरवले.

हे काय असते ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरूनच झाली. मोठ्या मोटारीच्या तारेतून सहाशे अँपियर वीज वाहत असते. तिला थेट मोजायला जाणारा माणूस पुन्हा मोजायला येत नाही. म्हणून त्या तारेभोवती लोखंडी पट्टीचे एक कडे बसवतात, आणि त्या कड्यावर बारीक तारेचे एकशे वीस वेढे घालतात. सहाशेचे पाच होतात. ते पाच अँपियर रिले नावाच्या यंत्राकडे जातात, आणि वीज वाजवीपेक्षा वाढली की रिले पुढचा अनर्थ होण्याआधी सगळे बंद पाडतो. थोडक्यात, हे कडे म्हणजे निरोप्या. निरोप चुकीचा सांगितला तर मोटार जळते, आणि मग ती आमच्याकडे येते. म्हणजे एका अर्थी आम्ही आमच्याच पोटावर पाय आणणारा माल करायला निघालो होतो.

भिलाईच्या कारखान्याचे बांधकाम करणाऱ्या अनेक ठेकेदारांपैकी एकाला असे छत्तीस नग हवे होते. नकाशात एक सबस्टेशन मागाहून वाढले होते आणि त्याचे सामान रशियाहून यायला वर्ष लागणार होते. देशी नमुना तपासणीत उतरला तर देशी माल घेऊ, असे पत्र आले. काकांनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवले आणि वर जाहीर केले, "नमुना पास झाला तर बापूरावांच्या हाताखाली चार माणसं देऊन वेगळं खातं काढतो. नापास झाला तर हा नाद बंद. आणि मग बापूराव, तुम्हीही आता घरी बसा. डोळे दमलेत तुमचे."

बापूराव आमचे मुख्य वाइंडर. वय साठीच्या आसपास, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी, आणि डोक्यावर काळी टोपी. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ते शेडमध्ये आहेत. मी डिप्लोमा करून आलो तेव्हापासून ते मला चारचौघांत 'दिनकरराव' म्हणतात. रागावले की 'दिनू'. काकांचे बोलणे त्यांनी मान खाली घालून ऐकले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "नग माझा आहे. तो घेऊन मी जाणार." काकांनी हिशोबाला, इंग्रजीला आणि सहीला म्हणून मला बरोबर दिले.

दुर्ग

गाडीत बापूरावांनी नमुन्याची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. वर्ध्याच्या पुढे एका बाईंनी फार वेळ पाहून शेवटी विचारले, "देव आहेत का?" बापूराव म्हणाले, "तसंच म्हणा." बाईंनी पेटीला हात लावून नमस्कार केला आणि पुढे दोन संत्री ठेवली. नागपूर येईपर्यंत आम्ही त्यांचा प्रसाद करून खाल्ला. मी बापूरावांना म्हटले, हे काही बरे नाही. ते म्हणाले, संत्री बरी होती.

दुर्गला उतरलो तो मोसम कापणीचा होता. दोन्ही बाजूंना धानाचे बांध, आणि मधून जाणाऱ्या रस्त्याचा मुरूम इतका लाल की बसमधून उतरेपर्यंत बापूरावांचे पांढरे धोतर भगवे झाले होते. "न विचारता संन्यास दिला," असे म्हणून त्यांनी ते झटकले. धूळ तिथून उडाली आणि माझ्या कोटावर बसली.

भिलाई हे गाव अजून व्हायचे होते. काही ठिकाणी घरे झाली होती आणि रस्ते यायचे होते. काही ठिकाणी रस्ते येऊन घरांची वाट पाहत होते. वस्तीला नावे नाहीत, आकडे आहेत. सेक्टर चार, सेक्टर पाच, असे. पुण्यात आपण पेठांना वारांची नावे देऊन ठेवली आहेत; पण सोमवारपासून निघून वारांच्या क्रमाने चालत गेलेला माणूस जसा रविवारी पोचत नाही, तसेच इथे आकड्यांच्या भरवशावर चालण्याचे झाले. तासभर चालून आम्ही जिथून निघालो त्याच पानठेल्यापाशी आलो. ठेलेवाल्याने या खेपेला आम्हाला ओळखले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने पेटी उघडायला लावली. आत सुती पट्टी गुंडाळलेले, व्हार्निश दिलेले, डोक्यावरच्या चुंबळीएवढे कडे.

"यह क्या है?"

"करंट ट्रान्सफॉर्मर," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. ट्रान्सफॉर्मर त्याने पाहिले होते. ते मालगाडीच्या सपाट डब्यावरून येतात आणि क्रेनने उतरवतात. त्याने पासावर लिहिले: 'लोहे का कड़ा, कपड़ा लपेटा हुआ, एक नग.' माझ्या डिप्लोम्याच्या तीन वर्षांचे इतके नेमके वर्णन तोवर कुणी केले नव्हते.

बापूराव मराठीत पुटपुटले, "ह्याला काय सांगायचं, कपाळ." ते ऐकून बाजूने जाणारा एक माणूस थबकला. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, पायात टायरची चप्पल.

"मराठी हाय का जी तुमी?"

हे नामदेव फुंडे. ज्या ठेकेदाराकडे आम्ही निघालो होतो, त्याच्याच टेस्टिंगच्या टोळीचे फोरमन. घर भंडाऱ्याकडचे, घरची धानाची शेती, आणि हे थोरले असून विजेच्या मागे लागून इकडे आले. आम्ही पुण्याचे आहोत हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मला अजून कळलेला नाही. पुण्याचे म्हटल्यावर इतका आनंद सहसा कुणाला होत नाही.

"हॉस्टेलात जागा भेटनार नाई," ते म्हणाले. "एका खाटेवर दोन-दोन निजून राहिले तिथी. कावून तरास घेता? चाला, आमच्या घरी चाला. काकाजी, द्या ती पेटी इकडे."

काकाजींनी पेटी दिली नाही, पण ते निघाले.

फुंड्यांचे घर

दोन खोल्यांचे क्वार्टर. डावीकडे मल्याळी कुटुंब, उजवीकडे पंजाबी, समोर आंध्रचे. सगळे एकमेकांशी हिंदी बोलतात आणि प्रत्येकाची हिंदी निराळी. फुंड्यांची सहा वर्षांची मुलगी आईचे मराठी नीट ऐकून घेते आणि उत्तर हिंदीत देते. तिने बापूरावांना विचारले, "दादाजी, आप टोपी पहन के सोते हो?" बापूरावांना हिंदी येत नाही, पण प्रश्न कळला. ते म्हणाले, "हो." हेही खोटे नव्हते.

वहिनींनी वडाभात केला होता. आपल्याकडे वडा पानात डावीकडे बसतो आणि भात मधोमध, दोघे एकमेकांची अदब राखून असतात. इकडे डाळींचे भरड वडे गरम भातावर कुस्करतात आणि वरून कढत तेलाची, लाल मिरचीची फोडणी ओततात. ओततात हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांना पाणी आले, दुसऱ्याला नाकाला.

"वहिनी, तेल जरा..." मी म्हणालो.

"थोडंसंच टाकलं जी," वहिनी ओशाळून म्हणाल्या. "तुमी पुन्याचे म्हनून."

बापूराव घाम पुसत तिसऱ्यांदा भात घेत होते. पुण्यात घरी त्यांना पथ्य आहे. मी आठवण करून दिली तर म्हणाले, ते पथ्य पुण्याच्या पाण्यासाठी आहे.

चाचणी

तपासणी करणाऱ्या रशियन इंजिनियरचे नाव गेनादी पेत्रोविच. दारातून आत यायला त्यांना वाकावे लागे, डोक्यावर गवती टोपी, आणि तीन वर्षांत त्यांनी साइटवरच्या मजुरांकडून हिंदी उचलली होती. तिच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा घोळ अजिबात नव्हता, कारण क्रियापद शेवटपर्यंत येतच नसे. "यह ठीक. वह नहीं ठीक. कल." एवढ्या सामग्रीवर ते तीस माणसांची टोळी चालवत होते. आमचे काका रोज दोन तास बोलून सात माणसे चालवतात.

कड्याच्या मधून तांब्याची जाड कांब घातली. कांबेतून सहाशे अँपियर सोडायचे आणि आमच्या तारेतून पाच येतात का ते पाहायचे. शेकडा एकापर्यंतची चूक माफ होती. मखमलीच्या पेटीतून मीटर निघाला. आमच्या शेडमधला मीटर आपल्याला पाहिजे तिथे काटा येईपर्यंत टिचकी मारून वाचायचा असतो, हा तसा नव्हता. फुंड्यांनी चाक फिरवले. सहाशे झाले. आमचा काटा पाचच्या जवळ आला आणि अलीकडेच थांबला.

गेनादी पेत्रोविचनी तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा चूक दीडच्या घरात. त्यांनी विचारले, "टर्न कितना?"

"एक सौ बीस," मी म्हणालो. माझ्या सहीचा कागद पेटीत होता. त्यावर एकशे वीस टाइप केलेले होते.

त्यांनी कागदाकडे पाहिले नाही. कड्यावर स्वतःच्या तारेचे दहा वेढे घातले, दोन मीटर लावले, खडूने भिंतीवर भागाकार केला आणि उत्तराखाली रेघ ओढली. एकशे एकवीस.

मी हसलो. म्हटले, भागाकारात काही तरी चूक आहे. तेवढ्यात बापूरावांकडे नजर गेली. त्यांचा चेहरा शांत होता.

"बरोबर आहे त्यांचं," बापूराव म्हणाले. "एकशे एकवीसच आहेत."

"बापूराव, ड्रॉइंगमध्ये एकशे वीस आहेत!"

"ते ड्रॉइंगचे. मी वर एक घातला. शून्यावर काम सोडत नाहीत, दिनकरराव. आहेर एकावन्न करतो, वर्गणी एकशे एक देतो; पन्नास आणि शंभर कुणी दिलेत कधी? मी तीस वर्षं असाच एक वर घालतो. एकही मोटार परत आली नाही."

मोटारीला एक वेढा जास्त झाला तर चालून जाते. इथे तो थेट निरोपात जाऊन बसला होता. मला बापूरावांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण वेढे मोजून सही करणे हे माझे काम होते आणि मी मोजले नव्हते. बापूरावांचे वेढे मोजणे म्हणजे आपल्या आईच्या हातचे मीठ चाखून पाहण्यासारखे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरे कारण असे की मला कंटाळा आला होता.

गेनादी पेत्रोविच वाट पाहत उभे होते. फुंड्यांनी त्यांना सगळे हिंदीत समजावले. मला वाटले, हा माणूस आता टोपी फेकून हसणार. तो हसला नाही. त्याने बापूरावांकडे वळून बोटांवर दाखवत सांगितले, "हमारे घर भी. फूल देना, तीन, पाँच, सात. दो नहीं, चार नहीं. दो, चार, मरा आदमी के लिए."

बापूरावांनी मान डोलावली. दोघे एकमेकांकडे असे पाहत होते की जणू दोघांची लग्ने एकाच भटजीने लावली असावीत. माझ्या जिवात जीव आला. मी पुढे होऊन म्हणालो, "तो फिर पास?"

"फूल के लिए पास," ते म्हणाले. "रिले के लिए नहीं पास."

मग त्यांनी भिंतीवर आणखी एक आकडा लिहिला. एकशे एकोणीस. लोखंडाला चुंबक होण्यासाठी थोडी वीज लागते, ती ते वाटेतच ठेवून घेते. म्हणून त्यांच्या कारखान्यात वर एक घालण्याऐवजी एक कमीच घालतात, की पोचायचे तेवढे बरोबर पोचते. दोन वेढे काढून उद्या दुपारी बारापर्यंत आणा. त्यानंतर ते अहवाल लिहिणार होते, आणि अहवाल एकदा लिहिला की सबस्टेशन रशियाच्या मालासाठी वर्षभर थांबणार होते.

मी बापूरावांकडे पाहिले. त्यांनी कडे उचलून पेटीत ठेवले आणि झाकण लावले.

"घातलेला वेढा मी काढत नाही," ते म्हणाले.

वडाभाताचा दुसरा दिवस

घरी आल्यावर मी त्यांना वाटेल ते बोललो. त्यातले एक वाक्य इथे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला हक्क नाही. मी म्हणालो, "तीस वर्षं तुम्ही लोकांना चुकीचं काम देत आलात, आणि आम्ही तुम्हाला कारागीर म्हणत आलो." फुंडे, वहिनी, ती मुलगी, सगळ्यांसमोर म्हणालो.

वहिनींनी ताट वाढले तर बापूराव म्हणाले, भूक नाही. आदल्या दिवशी तीनदा भात घेणारा माणूस ताटापुढून उठून अंगणातल्या दगडावर जाऊन बसला. मला लाज वाटली, पण माफी मागायला डिप्लोम्यात शिकवत नाहीत. मी माझा वडाभात खाल्ला. तो आज तिखट लागला नाही.

थोड्या वेळाने फुंडे बाहेर गेले आणि बापूरावांच्या शेजारी उकिडवे बसले. मी दारात होतो.

"काकाजी, तुमचं म्हननं मले पटते," फुंडे म्हणाले. "वरचा एक पायजेच."

"तुम्हाला कळलं बघा," बापूराव म्हणाले. "एकशे वीस करा म्हणतील तर शून्यावर येतो. एकशे एकोणीस करा म्हणतात तर अपुरा राहतो. मी आयुष्यात अपुरं काम हातावेगळं केलं नाही. देवाला नारळ वाढवून आलोय त्या कड्यासाठी. आता त्यातनं काढू?"

फुंड्यांनी जरा वेळ जमिनीवर काडीने रेघा मारल्या.

"आमच्याइकडे एक रीत हाय जी," ते म्हणाले. "धान कापतो ना आमी, तवा वावरातली शेवटची पेंडी कापत नाई. उभी ठेवतो. पाखराईसाठी. वावर मोठं राहो का लहान, सगळं कापलं अन् एक पेंडी सोडली, की मंग काम पुरं झालं म्हन्तात. सगळंच कापलं तं अपुरं. माह्या बापाच्या वावरात अजूनबी तसंच करतेत."

बापूरावांनी मान वर केली.

"लोखंड आपला वाटा ठेवून घेते म्हने तो रशियन," फुंडे पुढे म्हणाले. "तं त्याच्यासाठी एक सोडून द्या ना जी. ते अपुरं नाई होत."

बापूरावांनी फुंड्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"अशी रीत आहे होय तुमच्याकडे," ते म्हणाले.

"हाव जी."

"मग काढतो," बापूराव म्हणाले, आणि आत येऊन वहिनींना ताट वाढायला सांगितले.

बाराच्या आत

सकाळी टेस्टिंगच्या टेबलावर त्यांनी सुती पट्टी सोडली. कात्री लावली नाही. व्हार्निशने चिकटलेली पट्टी नखाने उचलत, बोटभर बोटभर करत सोडली. साठीतल्या, डोळे दमलेल्या माणसाचे हात इतके स्थिर असतात हे मला नवीन होते, कारण इतकी वर्षे मी त्यांच्या कामाकडे पाहिलेच नव्हते. गेनादी पेत्रोविच पाठीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी दिवा जवळ सरकवला. एक वेढा निघाला, दुसरा निघाला. टोक झाळले, पट्टी पुन्हा चढली. मी वेढे मोजले. सगळे, एकूण एक, दोनदा. एकशे एकोणीस.

काटा पाचला जाऊन चिकटला.

गेनादी पेत्रोविचनी कागदावर सही केली आणि आम्हाला चहा दिला. तो बिनदुधाचा, वर चमचाभर मुरंबा घातलेला. आपल्याकडे असा चहा आजाऱ्यालासुद्धा द्यायला घरचे धजणार नाहीत. बापूरावांनी तो पाहुणचार म्हणून घोटाघोटाने संपवला आणि मला हळूच विचारले, "ह्यांच्याकडे म्हशी नाहीत का?"

फाटकावर शेवटचा प्रसंग झाला. पहारेकऱ्याने झडती घेतली तर बापूरावांच्या कोटाच्या खिशात तांब्याची तार निघाली. तेच काढलेले दोन वेढे. पासावर तांब्याचा उल्लेख नव्हता. आत जाताना लोखंडाचे कडे होते, बाहेर येताना तांबे कुठून आले? लोखंडाचे तांबे होत नाही एवढे विज्ञान त्यालाही ठाऊक होते. मी इंग्रजीत समजावले, त्याने हिंदीत ऐकले नाही. शेवटी फुंड्यांनी येऊन हमी दिली तेव्हा आम्ही सुटलो. तार मात्र सरकारजमा झाली.

दुर्गच्या स्टेशनवर फुंडे पोचवायला आले. बापूराव पाणी भरायला गेले तेव्हा मी त्यांचे आभार मानले, आणि म्हटले, तुमच्याकडची ती शेवटच्या पेंडीची रीत फार सुंदर आहे, पुण्याला गेल्यावर मी लोकांना सांगेन.

फुंड्यांनी इकडे तिकडे पाहिले.

"कायची रीत जी?" ते म्हणाले. "वावरात एक पेंडी उभी ठेवली असती तं बापानं मले उभा चिरला असता. म्हाताऱ्या मानसाचं तोंड पाहवत नव्हतं, म्हनून सांगतलं. तुमी काकाजीले सांगू नका."

पुणे

छत्तीस नगांची मागणी आली. काकांनी शब्द पाळला आणि शेडच्या मागच्या बाजूला पत्रे टाकून वेगळे खाते काढले. बापूरावांच्या हाताखाली चार माणसे आली. पहिल्याच दिवशी ते त्यांना शिकवताना मी ऐकले: "ड्रॉइंगमध्ये असतील त्यापेक्षा एक कमी. शेवटचा वेढा पाखरांचा. ही भिलाईकडची रीत आहे." चारही माणसांनी गंभीरपणे माना हलवल्या. आता ती रीत आमच्या खात्यात पक्की बसली आहे, आणि बहुधा माझ्या नातवंडांपर्यंत जाईल.

मला ते गुपित पेलवेना. मी शिकलेला माणूस, एका खेडुताने भोळ्या म्हाताऱ्याला कसे गुंडाळले हे मला एकट्यालाच माहीत होते, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडा मोठेपणाही वाटत होता. छत्तिसावा नग पेटीत गेला त्या संध्याकाळी बाकीची माणसे गेल्यावर मी बापूरावांना म्हणालो, "एक सांगायचंय. फुंड्यांच्या गावात तशी काही रीत नाही. त्यांनी ती बनवून सांगितली."

बापूराव हात धूत होते. ते धूत राहिले.

"दिनू," ते म्हणाले, "मी शेतकऱ्याच्या पोटचा आहे. पाखरांना पेंडी ठेवावी लागत नाही, ती आधीच घेऊन जातात. तो बोलायला लागला तेव्हाच मला कळलं."

"मग तुम्ही कबूल कसे झालात?"

त्यांनी पंच्याने हात पुसले, बोट बोट करून.

"तू मला सगळ्यांच्या देखत चुकीचा ठरवलास. चुकलो होतोच मी, तो रशियनही बरोबरच होता. पण मला त्या खड्ड्यातून वर यायला वाट कुणी ठेवली नव्हती. त्या माणसाची माझी दोन दिवसांची ओळख. त्यानं माझ्यासाठी आपल्या बापाच्या वावराबद्दल खोटं सांगितलं. त्याला दोन वेढे काय, मी सगळं कडं सोडून दिलं असतं."